एनेलेसीला नापास करा

सकाळी नऊ वाजता मपिंगा गावच्या बाजारात आंब्याखाली तीन मडकी मांडली गेली. एकावर खडूने हसरा चेहरा काढलेला, दुसऱ्यावर सरळ ओठांचा, तिसऱ्यावर रडका. जिल्हा परिषद वर्षातून एकदा आपल्या कामाला लोकांकडून गुण घेते. आधी कर्मचारी स्वतःला गुण देतात, मग बाजारातली माणसं मडक्यांत मक्याचे दाणे टाकतात, आणि दोन्ही निकाल सगळ्यांसमोर ताडून पाहिले जातात. ज्या सेवेला सर्वांत कमी गुण, तिची दुरुस्ती त्या वर्षी आधी होते.

बाजाराच्या संडासांची देखभाल करणारी एनेलेसी म्बेवे म्हणूनच नापास व्हायला आली होती.

संडासाचा नळ कित्येक वर्षं कोरडा होता. एनेलेसी हापशावरून बादल्या डोक्यावर आणून पिंपं भरायची. संडास लख्ख राहायचे, लोक खूश असायचे, आणि दर वर्षी हसरं मडकं भरायचं. मागच्या वेळी परिषदेने तिला साबणाची वडी दिली होती. डिसेंबरात ती निवृत्त होणार होती. तिच्या जागी येणाऱ्या बाईच्या डोक्यावर तीच बादली जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

दवाखाना झाला, रस्ता झाला. संडासांची पाळी आली तेव्हा बाया रांगेने उठल्या आणि हसऱ्या मडक्यात दाणे टाकू लागल्या. सुक्या मासळीवाली डोरिका एनेलेसीकडे बघून डोळे मिचकावत गेली.

"अगं डोरिका, त्यात नको," एनेलेसी कळवळून म्हणाली. "पलीकडच्यात टाक. रडक्यात."

"तुला रडकं देऊ? माझा हात झडेल."

"झडू दे. दुसऱ्या हाताने मासे वीक."

परिषदेचे अधिकारी लायसन कपालामुला यांनी घसा खाकरला. "मायी म्बेवे, ज्याची तपासणी त्याने मतं मागायची नाहीत. नियम आहे."

"मागत कुठे आहे, ब्वाना? मी तर नको म्हणतेय."

कपालामुलांनी नियम आठवून पाहिला. नको म्हणण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

"काल ठरवलं होतं, आज पिंपं भरायचीच नाहीत," एनेलेसी डोरिकाला हळूच म्हणाली. "पण पहाटे उठले आणि पाय आपले हापशाकडे."

"मग भोग आता."

मडकं गळ्यापर्यंत भरलं. एनेलेसी उठली, आपली बादली उचलली, संडासाच्या नळाखाली उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

"काय झालं, मायी?" कपालामुलांनी विचारलं.

"काही नाही. नळाला पाणी आलं की उठते."

सभेत सकाळपासून थोब्वा वाटला जात होता. मक्याचं ते गोड पेय बायांनी घरून घागरी भरून आणलं होतं, आणि पाहुण्याने नाही म्हणायची तिथे रीत नाही. थोड्या वेळाने संडासांपुढे रांग लागली. मग पिंपं आटली. रांग तशीच राहिली, फक्त तिच्यातली माणसं जागच्या जागी पाय बदलू लागली.

"एनेलेसी, ऊठ गं, एक खेप आण," टोमॅटोवाली म्हणाली.

"मी बैठकीत आहे."

रांगेच्या शेवटी कपालामुला येऊन उभे राहिले. त्यांनी तीन पेले घेतले होते.

"मायी, जरा पाणी..."

"हा समोर नळ आहे, ब्वाना. परिषदेचाच आहे. सोडा."

त्यांनी नळ फिरवला. आतून एक कोळी बाहेर आला आणि त्यांच्या मनगटावरून निघून गेला. डोरिका हसता हसता खाली बसली.

"तुम्ही स्वतःला किती गुण दिलेत?" एनेलेसीने विचारलं.

"पाच. पाचपैकी."

"कशाचे?"

"स्वच्छतेचे."

"ती माझी. तुमचं काय आहे यात?"

कपालामुलांनी नळाकडे पाहिलं, मग रांगेकडे. "कोळी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा स्वतःही हसले. "आमच्या पाचाचा एक करतो. मतदान परत घेऊ. पण आधी कुणीतरी बादली द्या."

त्या खेपेला एनेलेसी उठली नाही. डोरिका, टोमॅटोवाली आणि अधिकारी असे तिघे हापशावर गेले. कपालामुलांनी बादली डोक्यावर घेतली आणि निम्मी शर्टावर ओतून घेतली. बायांनी जिभा फिरवून लग्नातल्यासारखा गजर केला.

दुसऱ्या मतदानात बाया दाणा टाकण्याआधी एनेलेसीच्या खांद्याला हात लावून जात होत्या. "माफ कर हं," असं म्हणत एकेकीने तिला नापास केलं. रडकं मडकं भरून दाणे मातीत सांडले, कोंबड्या धावल्या. निकाल वाचला गेला: संडास, सर्वांत शेवटी. एनेलेसीने लुंगीसारखं नेसलेलं कापड कमरेला घट्ट खोचलं आणि आंब्याखाली नाचली. गुडघे दुखत होते, तरी नाचली.

सप्टेंबरात पाइप आले. नोव्हेंबरात चर खणून ते पुरले गेले. जोडणी शुक्रवारी झाली. दुपारी नळ खोकला, हवा आली, मग तांबूस पाण्याचे थेंब. पंपावरचा माणूस म्हणाला, दाब वाढायला वेळ लागेल.

शनिवारी संध्याकाळी बाजार उठला तेव्हा थेंब पडत होते. एनेलेसीने रोज डोक्यावरून घरी न्यायची ती बादली रात्रभर भरायला नळाखाली सुलटी ठेवली, आणि घरी जाताना पहिल्यांदाच तिचं डोकं मोकळं होतं.