टिडवेल बघायला आले

नाव: विक्रम देवपु

इथे कार्डावरचे चौकोन संपले. पूर्ण आडनाव देवपुजारी.

कार्ड मिस्टर टिडवेल यांचं. बेसबॉलच्या एका व्यावसायिक संघासाठी ते शाळाशाळांतून चेंडू फेकणारी पोरं हुडकत टेक्ससभर फिरायचे, आणि दर पोरामागे असं एक कार्ड भरायचे. १९८४च्या मे महिन्यात त्यांनी शुगर लँडला चंद्रशेखर देवपुजारींच्या घरी फोन केला. तुमच्या मुलाच्या कोचकडून बरंच ऐकलंय, म्हणाले, शाळेचे सामने संपले, तेव्हा घरीच येतो. मुलगा बघीन, घरची माणसंही बघीन.

चंद्रशेखरने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "शनिवारी चार वाजता बघायला येताहेत."

कोण, कशासाठी, हे वसुधाने विचारलं नाही. पोहे किती जणांचे, एवढंच विचारलं.

जन्मतारीख: ३ ऑगस्ट १९६६

टिडवेलना फक्त तारीख हवी होती. चंद्रशेखरने वेळ आणि गावही सांगितलं. पत्रिका खिशात घडी करून तयार होती, पण ती कोणी मागितली नाही.

बाजू: उजवी

कार्डावर याचा अर्थ फेकायचा हात. चंद्रशेखरच्या डोक्यात बाजूचा अर्थ निराळा. नागपूरला त्याच्या थोरल्या बहिणीला, सुनेत्राताईला, एकोणीस स्थळं बघून गेली होती. एकोणीस वेळा पोह्यांच्या बश्या चंद्रशेखरने फिरवल्या, आणि एकोणीस वेळा पाहुण्यांनी चपला घालताना तोच एक शब्द उच्चारला: कळवतो. पुढे कोणी काही कळवलं नाही. तेव्हापासून चंद्रशेखरची एकच इच्छा होती, एकदा तरी आपण मुलाकडचे व्हायचं. सोफ्यावर रेलून बसायचं, पोहे समोर यायचे, आणि जाताना 'कळवतो' आपण म्हणायचं.

आता मुलगा होता, बघणंही ठरलं होतं, आणि पोहे मात्र त्याच्याच घरी भिजत होते.

"म्हणजे आपण पुन्हा मुलीकडचेच की," तो म्हणाला.

"मग गालिचा झाडून घ्या," वसुधा म्हणाली.

उंची: सहा फूट दोन इंच (आत्याच्या मते वाकून चालतो म्हणून सहा फूट)

सुनेत्राताई तेव्हा शुगर लँडलाच होत्या. नागपूरच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्या सहा महिन्यांसाठी भावाकडे आल्या होत्या. डिशवॉशरमधून निघालेली भांडी त्या नळाखाली पुन्हा धुवून घेत. वसुधाने कॅलेंडरवर बारा जूनला लाल गोल केला होता. ती परतीच्या विमानाची तारीख. गोल जरा जास्तच जाड होता.

शुक्रवारी ताईंनी विक्रमला दिवाणखान्यात चालवून पाहिलं. नजर खाली, विचारलं तेवढंच सांगायचं, नखं खायची नाहीत, आणि पोहे आपण स्वतः खायचे नाहीत. विक्रम दर सूचनेला "ओके, आत्या" म्हणाला आणि नखं खात राहिला. त्याला निवड हवी होती. त्यासाठी तो ट्रे घेऊनही चालला असता.

दृष्टी:

ही जागा बराच वेळ रिकामी होती. कारण असं की विक्रमला चष्मा होता, जाड, आणि शनिवारी साडेतीन वाजता चंद्रशेखरने तो त्याच्या नाकावरून उतरवून स्वतःच्या मागच्या खिशात घातला.

"डॅड, आय कान्ट सी."

"तू नको बघूस. ते बघणार आहेत."

बघायच्या दिवशी चष्मा काढायचा, ही देवपुजारींच्या घरची रीतच होती. आई ताईंचा काढून ठेवायची. एकदा तर ताईंनी तसंच आत येऊन खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार केला होता, आणि कोटाचा मालक पलीकडे खुर्चीत बसून होता. तेही स्थळ कळवतो म्हणून गेलं. विसाव्या खेपेला ताईंनी चष्मा काढायला नकार दिला. मग बघायला कोणी आलं नाही आणि त्यांनी शाळा चालवली.

हे सगळं चंद्रशेखरला ठाऊक होतं. तरीही त्याने चष्मा खिशात घातला. भीती वाटली की माणूस आईसारखंच वागतो.

वजन: एकशे पंच्याऐंशी पौंड (मुलगा). टिडवेल स्वतः त्याच्या दीडपट.

दारात बूट काढल्यावर वसुधाला दिसलं की त्यांचा एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी आहे. तिच्याकडे पाहून त्यांनी खुलासा केला. पाच वर्षांपूर्वी घाईत असे घालून निघाले होते आणि त्याच दिवशी त्यांना एक उत्तम मुलगा सापडला होता. तेव्हापासून कुठलाही मुलगा बघायला जाताना हेच मोजे. चाललेल्या गोष्टीत बदल करायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा धर्म होता.

मग त्यांनी विक्रमला चालून दाखवायला सांगितलं. ताईंनी भावाकडे पाहिलं. टिडवेलनी हात बघितले, दात बघितले. मुलगा कोणावर गेलाय म्हणून विचारलं, वसुधाची उंची डोळ्यांनी मोजली. ताई हळूच म्हणाल्या, "चंदू, काहीसुद्धा बदललेलं नाही रे."

~~विवाहित / अविवाहित:~~

कार्डावर ही जागा खरोखरच होती. टिडवेलनी प्रश्न विचारला, आणि उत्तराआधीच हसून खोडला, कारण मुलगा सतरा वर्षांचा. पण विचारताक्षणी चंद्रशेखर धपकन सोफ्यावर बसला.

कट्, असा आवाज झाला.

तो बसूनच राहिला. उठलं तर दिसेल, म्हणून.

वेग (ताशी मैल): ९१, ९२, ९२

परसात कुंपणाला जुनी गादी टेकवली होती. तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा चौकोन. चेंडू तिथे जायला हवा. टिडवेलनी वेग मोजायचं यंत्र काढलं. ते हेअर ड्रायरसारखं दिसत असल्यामुळे वसुधाने तत्परतेने प्लग कुठे आहे ते सांगितलं. चंद्रशेखर सगळ्यांच्या मागून, पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखा बाहेर आला.

पहिला चेंडू बार्बेक्यूच्या झाकणावर. दुसरा लिंबाच्या झाडात; चार लिंबं पडली. तिसरा टिडवेल यांच्या हॅटला, सुदैवाने ती तेव्हा खुर्चीवर होती.

ताबा: नाही

हा शब्द त्यांनी लिहिला, पेन मिटलं, आणि पोहे फार छान होते म्हणाले. तिसरी बशी त्यांनी नको म्हटली. ही खूण चंद्रशेखरला लहानपणापासून पाठ होती.

"मी कळवतो," टिडवेल म्हणाले.

विक्रमने मान खाली घातली, अगदी शिकवल्यासारखी.

तेवढ्यात ताई पायऱ्या उतरून आल्या. "चंदू, पोराचा चष्मा दे."

चंद्रशेखर भिंतीला आणखी चिकटला.

"दे म्हणते ना."

त्याने मागच्या खिशातून चष्मा काढला. दोन तुकडे, आणि एक काच नव्हतीच. टिडवेल बघत राहिले. मुलाला दिसत नव्हतं, आणि दिसत नसताना त्याने ब्याण्णवच्या वेगाने फेकलं होतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी हॅट खुर्चीवरून उचलून पोटाशी धरली.

ताईंनी स्वतःचा चष्मा काढला. मांजराच्या डोळ्यांसारखी टोकं असलेला, मण्यांच्या साखळीचा. तो विक्रमच्या नाकावर चढवला आणि साखळी मानेमागे नीट केली. "नंबर घराण्याचाच आहे. फेक आता."

वेग (पुन्हा): ९३

ताबा (पुन्हा): चौकोन. चौकोन. चौकोन. गादी फाटली.

दृष्टी: आत्याची

टिडवेल पेन तोंडात धरून उभे होते. मग म्हणाले की जुलैत निवडक मुलांचं शिबिर आहे, त्यात याला घेतो. आत्ताच सांगतो, कळवत नाही. पण एक अट आहे. आजच्या गोष्टीत काही बदल करायचा नाही. नवा चष्मा वगैरे मुळीच करायचा नाही, हाच हवा, साखळीसकट. आणि ज्यांचा आहे त्या बाईही हव्यात, तिथेही अशाच पायरीपाशी उभ्या. पोहेसुद्धा.

वसुधाने मनातल्या मनात कॅलेंडर आठवलं. बारा जून. जुलै. "वन्संचं तिकीट काढलेलं आहे हो," ती चंद्रशेखरला म्हणाली.

"पुढे ढकलता येतं," चंद्रशेखर म्हणाला, आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

टिडवेलनी विचारलं, मग हो समजू ना?

चंद्रशेखरने तोंड उघडलं. आयुष्यभर जपून ठेवलेला शब्द जिभेवर आला होता. पण विक्रम मांजरडोळ्यांच्या चष्म्यातून त्याच्याकडे बघत होता, इतक्या आशेने की तो शब्द गिळावा लागला. "हो," तो म्हणाला. "आमच्याकडून हो."

"थांब रे," ताई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, मान ताठ केली, समोरच्या धूसर, गोल आकृतीकडे वळल्या, आणि एकोणीस स्थळांचं उसनं फेडायला शुद्ध, खणखणीत इंग्रजीत सांगितलं की ठीक आहे, आम्ही विचार करून कळवतो.

बार्बेक्यूने काहीच उत्तर दिलं नाही.

टिडवेल दोन पावलं सरकून बार्बेक्यूच्या शेजारी जाऊन उभे राहिले, हॅट छातीशी धरून, आणि म्हणाले, "येस मॅम. वाट बघतो."

शेरा: तिसरी बशी घेतली.