सुरू ठेवलेली मोटार

सयाजीची भाड्याची मोटार कोल्हापुरातल्या गंगावेशीत उभी राहिली, तरी तिचं इंजिन कधी बंद होत नसे. १९५३ सालची गोष्ट. मोटारीचा सेल्फ, म्हणजे बटणानं इंजिन सुरू करणारा स्टार्टर, वर्षभर मेलेला होता. एकदा इंजिन बंद केलं की हँडल मारून मारून दंड भरून यायचे, मग बंद करायचंच कशाला? किल्ली तशीच लटकलेली, दार सताड उघडं, आणि सयाजी खुशाल दुधाच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पीत उभा! गावातले बाकीचे मोटारवालेही तेच करीत. गाडीला कुलूप घालणं म्हणजे पेठेवर संशय घेणं, अशी आपली समजूत. पेठेला वाईट वाटू नये म्हणून आपण चोराची सोय करून ठेवतो.

शेजारच्या गॅरेजातले बाळासो मिस्त्री सांगून थकले होते.

"सयाजी, सेल्फ दुरुस्त करून घे. एका सकाळचं काम हाय."

"मिस्त्री, माझी गाडी कोण न्हेतंय? गंगावेशीतलं कुत्रंबी वळखतंय तिला!"

"कुत्रं वळखंल रं. ते काय चोराला धरून आणणार हाय व्हय?"

कट्टा हसला. सयाजीही हसला आणि पेला तोंडाला लावला.

वैशाखातल्या एका सकाळी कृष्णात घामाघूम होऊन सायकल हाणत सयाजीच्या दारात आला. कृष्णात म्हणजे सयाजीच्या धाकट्या बहिणीचा, विमलाचा नवरा, राहणारा जवळच्याच वडणगे गावचा. विमलाचं हे दुसरं बाळंतपण. पोटात मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की तडक कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस भरायला अजून पंधरवडा होता, आणि कळा आजच सुरू झाल्या होत्या.

"दाजी, तुम्ही सायकलनं फुडं व्हा. तिला दारात आणून ठेवा. म्या पाणी घालून, हँडल मारून निघालोच. तुमच्या आधी पोचतो बगा!" सयाजी म्हणाला.

वडणग्याची वाट गंगावेशीतूनच जाते. तिथं ज्ञानू गवळी पेला भरून वाट पाहत होता. सयाजीच्या हातची बोहनी झाली की दिवसभर म्हैस लाथ मारत नाही, अशी ज्ञानूची श्रद्धा. बोहनीचा पेला नाकारणं म्हणजे गवळ्याला अपशकुन करणं. सयाजी थांबला. बहीण कळा सोसत होती आणि भाऊ मिशीवरचा फेस पुसत होता. दोनच मिनिटं!

तेवढ्यात मोटार हलली. आत कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक अनोळखी माणूस बसला होता. कुणी हटकलंसुद्धा नाही. सयाजीचाच कुणी पावणा असेल, असं सगळ्यांना वाटलं.

"आरं, धरा! माझी गाडी!" पेला टाकून सयाजी धावला. मोटार वळणावरून दिसेनाशी झाली.

बाकीच्या मोटारी भाड्यावर गेलेल्या; दुसरी गाडी शोधण्यात दीड तास गेला. शेवटी बाळासोंनी एका गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून त्याची मोटार आणली. ते निघाले तेव्हा विमलाला बैलगाडीत घालून कृष्णात निम्म्या वाटेवर आला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला वाचवलं. मूल गेलं. मुलगी होती.

"तासभर आधी आणली असती तर..." डॉक्टर एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पोलिसांना जयसिंगपूरच्या अलीकडे, उसाच्या फडाशेजारी मोटार सापडली. पेट्रोल संपलं म्हणून टाकून दिलेली, ओरखडासुद्धा नाही! चोराचा पत्ता लागला नाही. सयाजी गॅरेजात बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

"त्यानं माझी भाची मारली, मिस्त्री!"

"चोराचं पाप चोराच्या डोस्क्यावर. त्याला पोलीस बघतील," बाळासो म्हणाले. "पर तुझं कोण बघणार? दार उघडं, किल्ली आत, इंजान चालू. आणि काय आवतण द्यायचं ऱ्हायलं हुतं?"

"म्या मुद्दाम केलं व्हय?"

"न्हाय की. मुद्दाम कोणच करत न्हाय. सयाजी, गाडी तुझी हाय, खरं. पर एकादं माणूस तिच्या वाटंला डोळं लावून बसलं, की ती त्याचीबी असती. ती राखायची तुला लाज वाटली!"

सयाजीची मान खाली गेली. चोराला दिलेली एकेक शिवी आता त्याला स्वतःलाच लागत होती. त्यानं त्याच दिवशी सेल्फ बसवून घेतला आणि तो वडणग्याला गेला. विमलाची सासू, चिमणाबाई, पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून गेली. विमला अंथरुणात होती.

"दादा, गाडी गावली म्हनं?"

"गावली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

तिनं तोंडावर थुंकलं असतं, तर सयाजीनं ते सोसलं असतं. हे 'बरं झालं' त्याला सोसेना. तेव्हापासून तो मोटारवाल्यांना गाठगाठून, हात जोडून किल्ली खिशात ठेवायला सांगतो. कुणी ऐकतात, बरेचजण त्याला भित्रा म्हणतात.

बंधूंनो, त्याला हसू नका! दोन मिनिटांसाठी उतरलात तरी इंजिन बंद करा, किल्ली काढा, दार लावा. त्यानं शेजाऱ्याचा अपमान होत नाही. चोरीला गेलेली मोटार एखादे वेळी परत मिळते. पण ती ज्याच्यासाठी निघाली होती, त्याला आपण काय परत देणार?