मावशी, चालेल ना?

गाडी ठरली होती, पैशांची सोय झाली होती, आणि आता सगळं अडलं होतं एका सहीवर.

जुन्या गाड्या विकणाऱ्याने कागदावर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथे तुमची सही, मावशी. आणि खाली साक्षीदार म्हणून तुमच्या ओळखीच्या कुणाची तरी. मुलगा, सून, भाऊ, शेजारी, कुणीही आणा."

"चालेल," काकू म्हणाल्या होत्या.

आणि आता त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून विचार करत होत्या की न्यायचं कुणाला? मुलगा परदेशात. रविवारी त्याचा फोन येई, "बरी आहेस ना? चल मग," एवढाच. शेजारची मंडळी सज्जन होती, पण त्यांचं दार काकूंना बंद होतानाच ऐकू यायचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. साक्षीदार म्हणजे काय तर आपल्याला ओळखणारं एक माणूस. असं एकही माणूस हाताशी नसावं, हे काकूंना त्या दुपारी पहिल्यांदाच लख्ख कळलं.

खरं तर माणसांशी माणसं जोडून देण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तेव्हा परगावी बोलायचं तर मध्ये एक बाई लागायची. उंच स्टुलांची रांग, समोर भोकांची फळी, कानाला हेडफोन. या टोकाची आई त्या टोकाच्या लेकीला जोडून द्यायची आणि आपण हळूच बाजूला व्हायचं. नोकरीला लागल्या तेव्हाच सुपरवायझर बाईंनी बजावलं होतं, "मुली, ऑपरेटरने प्रश्न विचारायचा नसतो. नंबर घ्यायचा आणि 'जोडते' म्हणायचं."

काकूंनी तो नियम इतका मनापासून पाळला की तो त्यांच्यामागून घरीही आला. यजमानांनी न दाखवता घर घेतलं, चालेल. मुलगा लांब निघाला, चालेल. यजमानांच्या मागे त्यांची गाडी मुलाच्या एका मित्राने पडेल त्या भावाने नेली, तेही चालेल. 'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता जसा पायात चपलांचा जुना जोड.

मग या वयात गाडी कशाला? तर ताईसाठी. काकूंची थोरली बहीण गावाबाहेर, टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात होती. तिकडे जाणारी बस बंद झाली. भाड्याच्या गाडीने गेलं तर ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत बसे आणि ताईचा हात हातात घेईपर्यंत निघायची वेळ होई. त्यात ताईची आठवण दिवसेंदिवस विरत चालली होती. तिथल्या नर्सने फोनवर सांगितलं होतं, "सकाळच्या वेळी अजून त्या तुमची आठवण काढतात. पण किती दिवस, ते सांगता येत नाही. जमेल तितक्या वेळा येऊन जा." त्या फोननंतर काकू ड्रायव्हिंग शिकल्या. शिकवणारा म्हणे, "आजी, ब्रेक आहे तो, पायपुसणं नाही, जोरात दाबा!" तरी शिकल्या, परीक्षा देऊन परवानाही काढला.

गाड्यांचं ते आवार मोठ्या रस्त्याला होतं. पत्र्याची शेड, उन्हात धुतलेल्या गाड्यांची रांग आणि कोपऱ्यात काचेची केबिन. पहिल्याच दिवशी तो पांढऱ्या शर्टातला मालक लगबगीने पुढे आला होता. "या मावशी, बसा. आधी कॉफी घ्या. गाडी काय पळून जात नाही. आणि पळाली तर चांगलीच आहे म्हणायची!" तो स्वतःच्या विनोदावर हसला. काकूही हसल्या, आणि आपलं हसू त्यांना परक्याचं असावं तसं ऐकू आलं. गाडी कशाला हवी, असं त्याने विचारलं. काकूंनी ताईचं सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पुढच्या खेपेला काकू केबिनमध्ये शिरताच त्याचा पहिला प्रश्न, "ताई कशा आहेत?"

तिथेच काकू हरल्या! त्यानंतर ती निळी गाडी त्यांना नीट दिसलीच नाही. एकदोनदा तर काही काम नसताना त्या तिथे जाऊन आल्या. किंमत त्याने सांगितली, तिच्यावर पॉलिशचा खर्च आला, कागदपत्रांचा आला. दर वेळी तो गोड आवाजात विचारी, "चालेल ना, मावशी?" आणि काकू म्हणत, "चालेल." भाव करायचा म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणायचं, तू जास्त सांगतोस. भाच्याला असं कोण म्हणतं?

शेवटी साक्षीदार म्हणून एकच माणूस आठवलं. वन्सं, यजमानांची थोरली बहीण. राहायला तीन गल्ल्या पलीकडे. दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं. भाऊ गेल्यावर 'ती येईल' म्हणत वन्सं थांबल्या, 'त्या येतील' म्हणत काकू थांबल्या, आणि येणं-जाणंच थांबलं. वन्संचं आयुष्य बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेलं होतं. आता दुकानही नव्हतं आणि दुकानात शेजारी बसणारे त्यांचे यजमानही नव्हते.

काकूंनी दार वाजवलं.

"कोण ते? मीटर बाहेर आहे, बघून घ्या!" आतून आवाज आला. मग दार उघडलं. "अगंबाई, तू! मला वाटलं, आता माझ्या फोटोलाच भेटायला येतेस."

काकूंनी सहीचं सांगितलं. वन्संनी कागद हातात घेतला नाही. चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "गाडी चालवून बघितलीस?"

"त्याने फिरवून आणली. मी बाजूला बसले होते."

"इंजिन गार असताना सुरू केलंस?"

"नाही हो. मी फोन करून जाते ना, तेव्हा तो आधीच सुरू करून ठेवतो. मावशींना थांबायला नको म्हणून."

"अस्सं! किती काळजी!" वन्संनी टाळीच वाजवली. "गरम इंजिनाचा खोकला कळत नाही, म्हणून! मेकॅनिकला दाखवलीस?"

"तो म्हणाला, घरच्या माणसात मेकॅनिक कशाला?"

"आणि किंमत कितीने उतरवलीस?"

"विचारलंच नाही. चालेल म्हटलं."

"कमाल आहे बाई तुझी! गाडी चालेल की नाही ते त्याने सांगायचं, तर 'चालेल' तूच म्हणून मोकळी!"

काकूंनी मान खाली घातली. पुटपुटल्या, "तो मला मावशी म्हणतो हो, वन्सं."

वन्सं पुढचं बोलणार होत्या, त्या थांबल्या. खुर्ची जवळ ओढून बसल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "मीही म्हणत होते. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकीला 'ताई' म्हणायचे. बसायला स्टूल द्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे. अगदी खोटं नसायचं गं ते. पण हात तराजूवरच असायचा. पोट होतं ना मागे. त्याच्याही असेल. जी बाई म्हणायची, 'पुन्हा वजन करा', तिचा मला कधी राग आला नाही. उलट पुढच्या वेळी ती दिसली की मी आधीच नीट मापायचे. आणि जी 'चालेल' म्हणायची..."

"तिचं काय?"

"तिला मी पोचा पडलेलं पातेलं द्यायचे. कुठेतरी खपवायलाच हवं की!"

काकूंना हसावं की रडावं कळेना.

"ऐक," वन्सं म्हणाल्या, "भाव करणं म्हणजे भांडण नव्हे. ते दोन माणसांचं सरळ बोलणं आहे. तुझे कष्टाचे पैसे आहेत, तुझा जीव आहे. प्रश्न विचारल्यावर जे तुटतं ते नातं नव्हतंच, वरची पॉलिश होती. तुला त्या टेकडीवर चढायचं-उतरायचं आहे. तिथे ब्रेक काय 'मावशी' म्हणून लागणार आहे?"

"मग तुम्हीच चला ना. तुम्ही बोला."

"येते. पण बोलायचं तू. माझं तोंड उसनं घेऊन तुला किती दिवस पुरणार?"

दुसऱ्या दिवशी दोघी फोन न करताच आवारात गेल्या. शटर नुकतंच उघडत होतं. मालक जरा दचकला, पण लगेच सावरला. "या या, मावशी! आणि या कोण?"

"माझ्या वन्सं."

"म्हणजे आमच्या आत्याच की!"

"हो का?" वन्सं म्हणाल्या. "आत्याला भाच्याचा कान पिळायचा हक्क असतो हं." एवढं बोलून त्यांनी निळ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला, ते गार असल्याची खात्री करून काकूंकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या.

काकू पुढे झाल्या. "मला गाडी चालवून बघायची आहे."

"फिरवली की आपण त्या दिवशी!"

"तुम्ही फिरवलीत. मी नुसती बसले होते. मला टेकडीच्या रस्त्याला न्यायची आहे, तिथेच माझं जाणं-येणं राहणार."

तो हसत हसत, दुखावल्यासारखा म्हणाला, "मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?"

सगळं गाडं नेमकं तिथे येऊन अडलं! काकूंच्या जिभेवर तो जुना शब्द आला. म्हटला असता तर कॉफी आली असती, ताईची चौकशी झाली असती, सगळं कालच्यासारखं गोड झालं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हालाच विचारते आहे."

गाडी तीनचारदा खोकून मग सुरू झाली. सपाट रस्त्यावर बरी गेली. टेकडीच्या चढाला मात्र काकूंनी अॅक्सिलरेटर दाबला, तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागून एकाने हॉर्न वाजवला.

"क्लच जरा घासलाय," मागच्या सीटवरून मालक म्हणाला. "जुन्या गाडीत थोडंफार चालायचंच."

"चालायचं कबूल," काकू म्हणाल्या, "पण चढायचं काय?"

परत आल्यावर काकू केबिनमध्ये ताठ बसल्या. "क्लच नवा घाला. मी माझ्या मेकॅनिकला दाखवीन. पॉलिशचे पैसे देणार नाही, ती मी सांगितलेली नव्हती. हे सगळं झालं की मग किमतीचं बोलू."

मालकाने फाइल मिटली. "तसं नाही जमणार. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय या गाडीला."

"मग मला ही गाडी नाही चालणार!"

आयुष्यात पहिल्यांदा! काकू उठल्या. केबिनच्या दारापासून फाटकापर्यंत त्या मुद्दाम सावकाश चालल्या. मागून हाक येईल, 'अहो मावशी, थांबा' म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. हाक आलीही.

"मॅडम, फाटक तेवढं ओढून घ्या जाताना."

मॅडम!

रस्त्यावर आल्यावर काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "बघितलंत, वन्सं? दोन प्रश्नांत मावशीची मॅडम झाले."

"दोन प्रश्नांत जीव वाचला तुझा."

"मला गाडीचं नाही हो वाईट वाटत. तो ताईची चौकशी करायचा. दुसरं कुणी करत नाही."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. वन्संनी काकूंचा दंड धरला. "मीही नाही केली. तीन गल्ल्यांवर राहते आणि मी नाही केली! गिऱ्हाइकांच्या पोरांची नावं पाठ असायची मला. सांग, ताई कशा आहेत?"

काकू सांगू लागल्या, आणि दोघी चालतच घरी आल्या.

त्यानंतर त्यांनी आणखी बरीच आवारं पालथी घातली. शेवटी एका तिरसट म्हाताऱ्याकडे राखाडी गाडी मिळाली. त्याने कॉफी विचारली नाही की मावशी म्हटलं नाही. "मागचं दार जोरात ओढावं लागतं, उजवी काच अर्धीच उतरते, बाकी बघून घ्या," एवढं बोलून किल्ली पुढे केली. मेकॅनिकने गाडी पाहिली. काकूंनी काचेपायी किंमत कमी करायला सांगितली. तो कुरकुरला, त्या थांबल्या, तो पुन्हा कुरकुरला आणि त्याने भाव उतरवला. साक्षीदाराच्या जागी वन्संनी ठसठशीत सही केली.

स्वतःच्या गाडीने टेकडीपलीकडे पहिल्यांदा गेल्या ती सकाळची वेळ होती. ताई खिडकीशी बसली होती. तिने बराच वेळ पाहिलं आणि काकूंचं लहानपणचं लाडकं नाव घेतलं. "कुणी आणलं गं तुला?"

"मीच आले ताई, गाडी चालवत."

"चल! तुला कुठे येते गाडी?"

दोघी हसल्या. थोड्या वेळाने ताईने पुन्हा विचारलं, "कुणी आणलं तुला?" काकूंनी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. खाली कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. ताई विचारत राहिली आणि काकू सांगत राहिल्या. निघताना मात्र ताईने विचारलं, "आपण कोण?" काकूंनी तेही सांगितलं. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायला त्यांना जरा वेळ लागला.

वाचकहो, बाजारात गोड शब्दांना भुलून गप्प बसू नका. गाडी असो नाहीतर घर, ते उघडून पाहा, विचारा, पटलं नाही तर उठून या. सरळ माणूस प्रश्नाला भीत नाही. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते आपल्या घरचं. काकूंना फसवायला निघाली होती ती एका विक्रेत्याची हुशारी खरी, पण तिला वाट करून दिली ती आपल्यासारख्यांच्या मुकेपणाने. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, तुमच्याच नात्यात एखादं एकटं माणूस असेल. आज त्याचं दार वाजवा. 'कशा आहात?' एवढं विचारायला आपल्याजवळ काही विकायला असावं लागत नाही.