मग, मग आणि मग

मित्रांनो, मी एक जुना मग आहे. पिवळा, प्लास्टिकचा, कान मोडलेला. खरं तर न्हाणीघरातच आयुष्य जायचं, पण नशीब काढलं आणि पोहण्याच्या तलावावर नोकरीला लागलो.

तलाव दोघा भावंडांचा. बहीण मुलांना पोहायला शिकवते, दादा पाणी सांभाळतो. रोज सकाळी तो कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग बघायचा आणि गरज असली तरच मला क्लोरीनच्या पावडरीत खुपसायचा. "एक मग, बस्स!" म्हणायचा. माझ्यावाचून तलावाचं पान हलत नाही, अशा तोऱ्यात मी वावरायचो. आता आठवलं तरी मान खाली जाते.

बहिणीची लेक पाण्याला फार बिचकायची, म्हणून थट्टेने सगळे तिला मासोळी म्हणत. एके दिवशी तिने जाहीर केलं, "उद्या दंडाचा हवेचा फुगा काढून उडी मारणार!" आणि नेमका दुसऱ्या दिवशी दादा तापाने आडवा. बहिणीने त्याला फोन लावला.

"दादा, पावडर कशी टाकायची रे?"

"आधी पट्टी बघ," दादाचा घसा पार बसला होता. "मग... मग टाक. मग..." पुढे नुसता खोकला.

"मग, मग, मग," तिने बोटांवर मोजले. "म्हणजे तीन!" पट्टी बघायचं मात्र ती विसरलीच.

मी ओरडणार होतो. पण मगाचं तोंड कितीही मोठं असलं, तरी त्याला आवाज नसतो. तिन्ही वेळा मीच भरून गेलो, मीच रिकामा झालो.

मासोळी काठावर आली. वास नाकाला झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. ती मागे सरली. "मला नाही उतरायचं. कधीच नाही!" महिनोन्‌महिने गोळा केलेला तिचा धीर माझ्या नावाने घालवला. शरमेने मला डब्यातच गाडून घ्यावंसं वाटलं.

बहिणीचा पुन्हा फोन गेला, तसा दादा शाल गुंडाळून धावत आला. पट्टी गडद जांभळी, म्हणजे क्लोरीन फारच जास्त! घाबरलेल्या बहिणीने उतारा म्हणून दुसऱ्याच डब्याला हात घातला.

"अगं, थांब! औषधावर औषध नको. कुणाला पाण्यात सोडू नकोस. वरचं सावलीचं कापड काढ, ऊन लागू दे. पंप चालू ठेव. थोडं पाणी काढू, ताजं भरू."

"मीच घाबरवलं रे पोरीला," ती रडू लागली.

"मी तरी धड कुठे सांगितलं?"

दोघांनी दोष आपापल्या अंगावर घेतला. मला कुणीच बोललं नाही, तेच जास्त लागलं.

त्या दिवसापासून दादा मला 'माप' म्हणतो. मित्रांनो, ऐकलेलं नीट कळलं नसेल तर पुन्हा विचारा. विचारण्यात कसला आलाय कमीपणा?

पट्टी बुडवायचं काम मासोळीकडे आलं. रंग रोज थोडा फिकट व्हायचा आणि ती रोज काठाच्या थोडी जवळ यायची. एका सकाळी रंग पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या योग्य रंगाशी अगदी जुळला. तिने हळूच फुगा काढून ठेवला.

"आई, रंग बरोबर आलाय. मग?"

दोघा भावंडांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी अंग चोरलं.

मग आई हसली. "मग काय! मार उडी!"

आणि उडालेलं पाणी थेट माझ्यात येऊन पडलं.