‘उसंत’ लिहिलेली पट्टी

मी एक शब्दपट्टी बोलतेय. बुटांच्या खोक्याच्या झाकणातून कापलेली, वीतभर लांब. माझ्यावर जाड शाईने एकच शब्द लिहिलाय: उसंत. नाव हे, पण जन्मापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

मला चौथीच्या बाईंनी केलं, तेही वैतागून. वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला तुफान म्हणायचे. पुस्तक हातात आलं की एका दमात पान संपवायची. कुठे अडखळणं नाही. वाचनस्पर्धेसाठी तिचीच निवड झाली होती. एकदा तिने वाचलं, “आईला क्षणाची उसंत नव्हती.” टाळ्या पडल्या. बाईंनी सहज विचारलं, “का गं नव्हती?”

तुफान पानाकडे बघत म्हणाली, “उसंत गावाला गेला असेल, बाई.”

“वसंताचा भाऊ!” मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला. पोरगी कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उघडलंच नाही.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, उसंत म्हणजे विश्रांती. मुलांनी ते वहीत उतरवलं, घोकलं. वाक्य करायला सांगितलं तर तुफानने लिहिलं, “मी कॉटवर उसंत केली.” बाईंनी कपाळाला हात लावला आणि कात्री घेतली. तेव्हा मी जन्मले.

“हिला घरी ने,” बाई तिला म्हणाल्या. “कोणाला उसंत नाही, ते बघून ये.”

घरी तिची आई शिलाई मशीनवर बसली होती. शेजारी कापडांचा ढीग. तुफानने मला मशीनवर टेकवलं.

“आई, तुला उसंत आहे?”

“मला? मान वर करायला सवड नाही इथे, उसंत कुठली!”

“म्हणजे दोन्ही एकच?”

आईचे पाय थांबले. “नाही गं. सवड आपण काढतो. उसंत मिळावी लागते.”

आणि पाय पुन्हा सुरू. तुफान तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने तो धडा पुन्हा काढला आणि हळू वाचू लागली. त्या वाक्यापाशी आली, तेव्हा तिने पुन्हा आईकडे पाहिलं.

आठवड्याने स्पर्धा झाली. बाईंनी मला पर्समध्ये घेतलं होतं. घड्याळ लावलेलं, समोर परीक्षक. तुफान निम्म्या पानावर थांबली.

“कासावीस म्हणजे काय हो?”

परीक्षक गडबडले. घड्याळ चालूच राहिलं. तुफान शेवटची आली.

“बाई, पोर चांगली धावत होती,” मुख्याध्यापक तडकले. “तुम्ही तिच्या पायात दोरी बांधलीत!”

“धावत होती, सर. कुठे चाललीय, ते तिला ठाऊक नव्हतं.”

परतताना तुफान रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “बाई, कासावीसची पट्टी करायची?”

अशा आम्ही दोनशे झालो. नंतर बाईंची बदली झाली. आता आम्ही कपाटावर, बंद डब्यात आहोत. माझा कोपरा कुरतडलाय, शाई फिकटलीय. खाली वर्ग भरतो. मुलं भराभर वाचतात, टाळ्या पडतात, आणि इथे आमची चुळबुळ सुरू होते. टाळी द्या हो, पण एकदा विचारा तरी, काय कळलं?

आत्ता कोणीतरी ‘चाहूल’वरून भरधाव निघून गेलं. ती पट्टी माझ्या खालीच आहे, एकसारखी मला ढोसतेय. कोणी झाकण काढता का?