पांढरा गोळा

त्यानं पाण्याचा पेला स्वतःकडे ओढला. मग हात लागून सांडेल असं वाटलं, म्हणून परत लोटला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा बायको म्हणाली,

"अहो, पेला कुठं पळून जात नाहीये."

"मलाच पळावंसं वाटतंय."

दुपारचे तीन वाजून गेले होते. गर्दी नको म्हणून त्यानंच ही वेळ मागून घेतली होती. टायरचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात ही आफ्रिकी खानावळ होती. सहा टेबलं, त्यांवर फुलाफुलांची मेणकापडं, भिंतीवर रुंद नदीचं एक फिकट चित्र. आत कुणीतरी काहीतरी कुटत होतं. त्याचे दणके फरशीतून पायांना जाणवत होते. कोपऱ्यात एक ट्रकवाला जेवून उठला, हात पुसत बाहेर गेला. तो गेल्यावर यानं आपली खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढे घेतली. वेळ आलीच, तर मागं उभं राहून पाठीत मारायला माणसाला जागा हवी.

तीस वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बारा-बारा मजल्यांच्या काळोख्या खड्ड्यात कमरेच्या पट्ट्यावर लटकून, दातांत टॉर्च धरून तो बोल्ट पिळायचा आणि वर उभ्या असलेल्यांना शिव्या घालायचा. भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. ते आठ महिन्यांपूर्वी कळलं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चौघं डबे उघडून बसले होते. कुणीतरी साहेबाची नक्कल केली, याला हसू फुटलं, आणि मटणाचा तुकडा घशात बसला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. ओरडायला आवाजच नव्हता. समोरचा जोडीदार मात्र हसतच होता. त्याला वाटलं, हाही नक्कलच करतोय. ते हसणं याला अजून झोपेत दिसायचं. शेवटी कुणीतरी पाठीत गुद्दे घातले, तुकडा उडून फरशीवर पडला. सगळं मिळून मिनिटभराचं काम, असं मागाहून सगळे म्हणाले.

त्यानंतर घास गिळणं बंद झालं. डॉक्टरांनी दोनदा दुर्बीण घालून पाहिलं. घसा शाबूत आहे, म्हणाले. घास तोंडात जायचा, तो चावत राहायचा, चावून चावून त्याचं पाणी व्हायचं. पण आता गिळायचं, असं मनात आलं की घसा आतून कडी लावल्यासारखा बंद. मग बेसिनकडे धाव. अठरा किलो वजन उतरलं. पातळ पेज आणि दूध यांवर माणूस किती दिवस उभा राहणार? सोमवारी पुन्हा वजन होतं. उतरलं असेल तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची, असं ठरलं होतं.

"ही जागा तुला सांगितली कुणी?" त्यानं विचारलं.

"पडद्यांच्या एका गिऱ्हाइकानं," ती म्हणाली. ती घरी पडदे शिवायची.

मालकीणबाई बाहेर आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, डोक्याला पिवळा रुमाल घट्ट बांधलेला. त्यांनी दोन ताटल्या मांडल्या. एकीत मुठीएवढा पांढरा, गुळगुळीत, वाफाळता गोळा. दुसरीत भेंडीचा हिरवा, तार सुटणारा रस्सा.

"फूफू," त्या म्हणाल्या.

"नाव ऐकूनच फुंकर मारावीशी वाटते," तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा पडला होता.

"कंद उकडायचा, कुटायचा. बस." त्या एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखं बोलत होत्या. "इतका घ्यायचा. बोटानं खळगा करायचा. रस्सा भरायचा. आणि दातांना सुट्टी. चावायचं नाही."

"नुसतं गिळायचं?"

"नुसतं. तिकडे माझी आजी खायची, तिला एक दात नव्हता."

त्या आत गेल्या. दणके पुन्हा सुरू झाले.

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं आपल्यापुढे काहीच घेतलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर होते आणि चपला तिनं टेबलाखाली काढून ठेवल्या होत्या. धावायची वेळ आली तर पाय अडकू नयेत म्हणून, हे त्याला कळलं, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"अगं, हे वेडेपण आहे. घोटभर सूप धड जात नाही मला, आणि हा गोळा..."

"सूपही तुम्ही चावता," ती म्हणाली. "मी बघते ना. सगळं चावता. चावता तोवर विचार करता."

"आणि हे अडकलं तर?"

ती हळू म्हणाली, "मी आहे."

त्यानं गोळ्याला हात लावला. गरम होता, बोटांना चिकटला. त्यानं वाटाण्याएवढा तोडला. खळगा करायला जागाच उरली नाही, म्हणून तो नुसताच रश्श्यात बुडवला. हात तोंडापर्यंत आला आणि थांबला. कानांत रक्ताचे ठोके वाजत होते. बाहेर टायरच्या दुकानात हवा सुटल्याचा फस्स आवाज झाला तसा तो खुर्चीतून निम्मा उठला.

"चला, घरी जाऊ."

"बरं," ती म्हणाली. पण उठली नाही.

तो उभा राहिला, बोटांत तो हिरवा ठिपका. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठांवर घाम होता. तो पुन्हा बसला. डोळे मिटले, घास तोंडात टाकला. जिभेवर काहीतरी मऊ, आंबटसर, तिखट. दात सवयीनं मिटायला आले, त्यानं ते उघडे धरून ठेवले. आणि विचार पुरता जमायच्या आत ते घसरलं. बुळबुळीत, अख्खं, खाली. छातीतून जाताना त्याचा ऊबदार माग कळला.

त्यानं श्वास घेतला. श्वास आत गेला. पुन्हा घेतला, तोही गेला.

"गेला?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मग दुसरा घास तोडला, तितकाच. तिसऱ्याला ठसका आला, ती खुर्ची पाडून उठली. पण तो नुसता तिखटाचा ठसका होता. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तो हातानंच बस, बस म्हणाला. चौथा घास मोठा तोडला, त्याला खळगा जमला. असे नऊ झाले. गोळा निम्मा संपला होता आणि त्याची बनियन पाठीला चिकटली होती.

ती तोंड धुवायला मागच्या बेसिनकडे गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

मालकीणबाई ताटली पाहायला आल्या. समाधानानं हुंकारल्या.

"छान. आणि बाई आज काही खात नाहीत?"

"ती असलं काही खात नाही. घराबाहेर चहासुद्धा पीत नाही ती."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"तीन वेळा आल्या की. एकट्या. याच टेबलाला." त्यांनी आपला घसा चिमटीत धरून दाखवला. "पहिल्या दिवशी फार घाबरल्या. मला म्हणाल्या, माझ्या मागं उभी राहा, अडकलं तर मार. मी राहिले उभी. छोटा घास, मोठा घास, पाण्याबरोबर, पाण्याशिवाय. सगळे करून पाहिले. घामाघूम. मी म्हटलं, बाई, आवडत नाही तर कशाला खाता? तर म्हणाल्या, मोजते आहे."

आतून कुणी हाक मारली, तशा त्या गेल्या.

तो रश्श्याकडे बघत बसला. हिरव्या तारा बोटांवर वाळत आल्या होत्या.

ती पदरानं तोंड पुसत परत आली. डोळे लाल होते. खुर्चीत बसली, पाय चाचपडत चपलांत घातले. त्यानं ताटली दोघांच्या मध्ये सरकवली.

"तूही घे थोडं."

"मी? नको बाई. मला नाही जमायचं."

"जमेल," तो म्हणाला. "सोपं आहे. इतका तोडायचा, बोटानं खळगा करायचा. फक्त एक लक्षात ठेव, चावायचं नाही."

"असं होय," ती म्हणाली, आणि अगदी नवख्यासारखा, जरा ओबडधोबडच गोळा तिनं तोडून घेतला.