रोज चाळीस मिनिटे मागे

मित्रांनो, मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे. माझ्याकडे बघून शाळेला निघालात तर फाटक बंद झालेले असेल, हे आधीच सांगून टाकतो. मी रोज जवळजवळ चाळीस मिनिटे मागे पडतो. पण मी बिघडलेलो नाही. मला मुद्दाम असे केले आहे.

माझी पेटी लाकडी, चाके पितळी आणि ठोके घसा बसल्यासारखे. दुरुस्तीला म्हणून मला कोणीतरी या दुकानात आणले आणि परत न्यायला कोणी आलेच नाही. दुकानाच्या घड्याळजींना त्यांची लेक बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांनी माझी चाके पुसली, तेलाचे थेंब सोडले आणि मला दारासमोरच्या भिंतीवर टांगले. "आपलंच आहे आता," ते म्हणाले. पुढे बरीच वर्षे मी मिनिटाचीही चूक केली नाही.

लेक शिकून मोठी झाली आणि दूरच्या शहरात यंत्रे बनवू लागली. तिने आणि तिच्या सोबत्यांनी एक सहा चाकांची गाडी मंगळावर उतरवली, तेव्हा सारी गल्ली आमच्या दुकानात लोटली. शेजारचा शिंपी तर मापे अर्धवट सोडून गिऱ्हाइकासकट आत आला. गाडी फार तर तीस दिवस चालेल असा अंदाज होता. त्यापुढे तिथली थंडी आणि धूळ तिला टिकू देणार नव्हती.

बाबांची अडचण वेगळीच होती. लेकीला फोन करावा तर ती झोपलेली, नाहीतर कामात बुडालेली. एकदा ती वैतागलीच. "बाबा, तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा असतो. आम्ही गाडीच्या वेळेनं जागतो. असे अवेळी फोन नका ना करू!" लेकीशी धड चार शब्द बोलायला मिळत नाहीत, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

मग त्यांनी मला खाली उतरवले. लंबकाखालची चकती फिरवून लंबक जरा खाली घेतला, दिवसभर पाहिले, पुन्हा फिरवली. लंबक खाली आला की घड्याळ रेंगाळते. तीन दिवसांत मी मंगळाच्या चालीने चालू लागलो आणि बाबांनी माझे काटे तिथल्या वेळेला लावले. तिथे संध्याकाळ झाली की माझ्यात पाच वाजत. गाडी रात्री झोपली की तिचे दुसऱ्या दिवसाचे काम लेकीला ठरवायचे असे, म्हणून लेक तेव्हा नुकतीच उठलेली असे आणि बाबा फोन उचलत.

काय दिवस होते ते! दुकानाच्या दाराशी पाटी लागे : 'दिवस अकरावा, चौदा मीटर.'

"चौदा?" शिंपी म्हणे. "एवढ्यात माझी आजी बाजार करून आली असती!"

"तुमच्या आजीला दगडधोंडे चुकवायचे नव्हते," बाबा ठसक्यात उत्तर देत. टपालवाला पत्रे देण्याआधी माझ्याकडे बघून विचारी, "उठली का गाडी?" मी आयुष्यात इतका कधी मिरवलो नव्हतो.

सव्विसाव्या दिवशी बाबा सुटे भाग आणायला गेले होते. दुकानात त्यांची बायको होती. लेकीची आई, म्हणून माझ्याही आईच. एक गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसले. "घड्याळजींच्याच दुकानात घड्याळ सव्वाचार तास मागे? मग आमची काय दुरुस्त करणार?" आईंना ते फार झोंबले. त्या स्टुलावर चढल्या आणि काटे पुढे ढकलून मला बाकीच्या घड्याळांच्या रांगेत आणून बसवले. मी ओरडून सांगणार तरी कसा?

बाबा परतले. माझ्यात पाच वाजलेले पाहून त्यांनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही, तसाच फोन लावला. खरे तर ती लेकीची भर झोपेची वेळ होती. पण पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बाबा! तुम्हाला कसं कळलं? गाडी आज उठलीच नाही. तिथल्या सकाळपासून हाका मारतोय आम्ही. मला झोपच येत नाहीये."

बाबांची नजर वर गेली. भिंतीवरची सगळी घड्याळे एकच वेळ दाखवत होती. त्यांनी आईंकडे पाहिले. आईंनी जीभ चावली.

"घड्याळानं सांगितलं, पोरी," बाबा म्हणाले. "बोल तू. मी ऐकतोय."

ती तासभर बोलली, मध्येच रडली. आईंनी दुकानाचे दार लोटून घेतले आणि त्याही फोनला कान लावून बसल्या.

गाडी पुन्हा उठली नाही. ठोक्यांच्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात, म्हणून बाबांनी माझा लंबक धरून मला सव्वाचार तास उभे ठेवले आणि मग सोडले. लेक पुन्हा आपल्या पृथ्वीच्या वेळेने उठू लागली. पाटी पुसली गेली, गल्ली दुसऱ्या गप्पांना लागली. मला मात्र बाबांनी सरळ केले नाही. दर अठरा दिवसांनी मी पुरते बारा तास मागे पडतो आणि माझे काटे बाकीच्यांशी आपोआप जुळतात. त्या दिवशी लेकीचा फोन ठरलेला असे.

बाबा गेले त्याला चार वर्षे झाली. आता दुकानात आई बसतात, पट्टे आणि सेल विकतात. माझा ठोका अधूनमधून चुकतो. फोन अजून येतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या घड्याळांना आठवड्याला एकदा किल्ली आणि वर्षाला तेलाचा एखादा थेंब लागतो. तेवढे जरूर द्या. आणि कुणी मागे पडलेले दिसले तर काटे ढकलण्याआधी, ते कुणाच्या वेळेने चालले आहे, एवढे विचारा.

परवाच एका गृहस्थाने मला नीट करायला स्टुलावर पाय ठेवला. आई लगबगीने उठल्या.

"हात नका लावू," त्या म्हणाल्या. "ते बरोबर चाललंय."